विल्बीसाहेबांचा बूट

९ ऑक्टोबर, गुरुवार. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाचे पडदे आज धुऊन गच्चीत वाळत घातले. मस्कतजवळच्या या सीबच्या उन्हात जाड मखमलही तासाभरात कडक होते, त्यामुळे धुण्यात फार वेळ गेला नाही. वेळ गेला तो वरच्या पट्टीचे निघालेले हुक पुन्हा शिवण्यात. मी शिवत बसले होते तेव्हा नाटकाची नायिका तिथे आली. इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेतली मुलगी. म्हणाली, "आंटी, या वर्षी प्रॉम्प्टर नको ना. आम्ही इअरबड्स घालू. लाइन्स फोनवरून येतील." मी विचारलं, "आणि तू मध्येच गप्प झालीस, तर फोनला कसं कळणार, थांबलीयस की विसरलीयस?" तिला प्रश्नच समजला नाही. तिचा दोष नाही. मला तो समजायला तीन दिवस लागले होते, आणि त्या तीन दिवसांत माझ्या बाबांची नोकरी टांगणीला लागलेली होती.

तेव्हा आम्ही सीबच्या जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे दोन खोल्यांत राहत होतो. बाबा संगमेश्वराकडचे, शिंपीकाम वडिलांकडून शिकलेले. मस्कतच्या समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात ते टेलर होते. वेटरांचे कोट, खानसाम्यांचे अ‍ॅप्रन, दारावरच्या माणसाचा जरीचा अंगरखा, सगळं तळघरातल्या टेलर रूममध्ये त्यांच्या हातून जायचं. घरी आईचं वेगळं मशीन होतं, त्यावर ती बायकांचे ब्लाउज शिवायची. आमच्या घरातले आवाज म्हणजे खिडकीतल्या एसीची घरघर, सूकमधल्या मासेवाल्यांची ओरड, मशिदीतली बांग आणि मशीन. मशीनचे आवाज दोन. दोरा ओवलेलं मशीन भरीव वाजतं. बाबा काळजीत असले की आईच्या मशीनवर दोरा न ओवताच बसायचे आणि नुसतं पायडल मारायचे. तो पोकळ आवाज सुरू झाला की आई कढईखालचा गॅस बारीक करायची आणि मी पुस्तक मिटायचे.

मी नववीत होते तेव्हा तो आवाज जवळजवळ दोन महिने चालू होता. हॉटेलात नवे मॅनेजर आले होते, लेबनॉनचे, बोलायला कमी आणि कामाला चोख. युनिफॉर्म बाहेरच्या कंपनीकडून भाड्याने घ्यायचे, मग टेलर रूमची गरज काय, असं त्यांच्या डोक्यात होतं. बाबांच्या कराराचा कागद त्यांच्या टेबलावर सहीविना पडून होता. करार वाढला नाही तर एप्रिलात आम्ही गावी जाणार, आणि सगळं इंग्रजीतून शिकलेली मी दहावीला गावच्या शाळेत मराठीतून बसणार, एवढं मला कळत होतं. आई रोज विचारायची, "अहो, काय म्हणाले साहेब?" बाबा रोज एकच शब्द बोलायचे, "बघू." त्या शब्दात नकार होता की आशा, हे आईला वीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. मला काय कळणार?

एडविन विल्बी हे नाव आम्हाला त्याआधीपासून माहीत होतं. हॉटेलात पाहुण्यांच्या खोल्यांसाठी व्हिडिओ कॅसेटी असायच्या. त्या घासून जुन्या झाल्या की बाबा घरी आणायचे. शेजारच्या हमीदाखालांकडे व्हीसीआर होता. त्या राजापूरच्या, त्यांच्या घरवाल्यांचं सूकमध्ये कापडाचं दुकान होतं. त्या कॅसेटींत विल्बींची विलायती विनोदी मालिका होती, त्यांनीच लिहिलेली आणि त्यांनीच काम केलेली. हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीतला कारकून, एवढीच गोष्ट. लोक येणार, माझी छत्री हरवली, माझा पोपट हरवला म्हणून सांगणार. कारकून त्यांच्याकडे बघत उभा राहणार, किती तरी वेळ. मग म्हणणार, "आय शॅल लूक इनटू इट." आईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण तो गप्प राहिला की ती पदर तोंडाला लावून हसायची. हमीदाखाला म्हणायच्या, "ह्यो आमच्या ह्यांच्यासारखाच गो. उधारी मागायला गेलं की असाच बघतो."

तर हे विल्बी त्या वर्षी आमच्या हॉटेलात आले. त्या काळी विलायती नटांच्या लहान कंपन्या आखातातल्या हॉटेलांतून फिरायच्या. लोक जेवायचे आणि समोर प्रहसन चालायचं. मंगळवार ते गुरुवार तालीम, शुक्रवारी दुपारी जेवणासोबत एकच प्रयोग आणि शनिवारी पुढच्या देशात. पाच माणसांची कंपनी, आणि नाटकातही तोच हरवलेल्या वस्तूंचा कारकून. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या बाई आधीच्या मुक्कामी आजारी पडून घरी परतल्या होत्या. मॅनेजर तळघरात आले आणि भरभर इंग्रजी वाचणारं कोणी आहे का, असं विचारू लागले. बाबा तेव्हा विल्बींच्या कोटाला इस्त्री करत होते. जे बाबा मॅनेजरांसमोर 'येस सर'च्या पुढे कधी गेले नव्हते, ते म्हणाले, "सर, माय डॉटर. प्रॉम्प्टर." घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तिने काही घोटाळा केला म्हणजे?" बाबा मशीनवर जाऊन बसले.

प्रॉम्प्टिंग मला येत होतं, हे खरं. मंडळाच्या नाटकांत दोन वर्षं मीच विंगेत बसत होते. आमचे नट म्हणजे दिवसभर कामावर राबणारे लोक, त्यांना पाठांतराला वेळ कुठला? म्हणून प्रॉम्प्टरने प्रत्येक वाक्य आधी म्हणायचं आणि नटाने ते उचलायचं, अशी आमची रीत. चांगल्या प्रॉम्प्टरचं वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंतच ऐकू जातं, असं आमच्याकडे गमतीने म्हणत. जगात सगळीकडे नाटक असंच होतं, अशी माझी समजूत होती. मंगळवारी दुपारी शाळेच्या गणवेशातच मी विंगेत स्टुलावर बसले, नाटकाची वही उघडली आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाले. विल्बी दोन वाक्यं बोलले, तिसऱ्याला थांबले आणि विंगेत आले. टीव्हीवर दिसायचे त्यापेक्षा ते उंच होते आणि खूप म्हातारे.

"मिस शैला," ते म्हणाले, "तू माझ्या आधी का बोलते आहेस?"

"तुम्ही विसरू नये म्हणून, सर."

"पण मी विसरलेलो नाही."

"आमच्याकडे विसरायच्या आधीच सांगतात."

त्यांच्यासोबतच्या बाई, नाटकात त्यांची बायको झालेल्या, खुर्चीत बसून हसायला लागल्या. विल्बी हसले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी वही काढून माझं वाक्य लिहून घेतलं. नंतर मला कळलं की ते कुठलंही वाक्य आवडलं की असंच लिहून घेत. त्या वेळी मात्र मला वाटलं, तक्रार लिहिताहेत आणि ती मॅनेजरांकडे जाणार.

मग त्यांनी मला रीत समजावली. नट अडला तरच बोलायचं, तेही पहिले दोन शब्द. नाटकाच्या वहीत त्यांनी जागोजागी लाल पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या. एक फुली म्हणजे एक आकडा मोजेपर्यंत गप्प. कुठे दोन फुल्या, कुठे पाच. हसं तिथेच येतं, म्हणाले, शब्दांवर कोणी हसत नाही. मी मान हलवली. पण कागदावर फुल्या बघणं वेगळं आणि एक माणूस तोंड बंद करून समोर उभा असताना विंगेत बसून राहणं वेगळं. त्या दिवशी मी चार वेळा त्यांच्या फुल्यांत बोलले. चौथ्या वेळी ते नुसतंच म्हणाले, "उद्या." घरी परतताना हॉटेलच्या बसमध्ये बाबांनी विचारलं, "जमतंय ना?" मी म्हटलं, "बघू." माझ्या तोंडून तो शब्द ऐकून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

बुधवारी मला खूण सापडली. माझं स्टूल खाली होतं, त्यामुळे मला नटांचे चेहरे कमी आणि पाय जास्त दिसत. विल्बी फुल्यांवर थांबले की त्यांच्या उजव्या बुटाचा पुढचा भाग आतून हळूच हलायचा. अंगठ्याने मोजायचे ते. एक, दोन, तीन. चामड्यावर सुरकुती पडायची आणि जायची. मी फुल्या सोडल्या आणि बूट बघायला लागले. बूट हलतोय तोवर मी गप्प. दुपारभरात एकदाही चुकले नाही. पण शेवटच्या प्रवेशात ते गप्प झाले, वहीत फुली नव्हती आणि बूट स्थिर होता. मी दोन शब्द दिले, त्यांनी उचलले आणि पुढे गेले. दुसऱ्या कोणाला काही कळलं नाही. त्यांनी मात्र जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं.

तालीम संपल्यावर कोट देण्याच्या निमित्ताने ते टेलर रूममध्ये आले. बाबांनी त्यांना उंच स्टूल दिलं आणि आमचा डबा पुढे केला. खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि सोड्यांची सुकी भाजी. त्यांनी चवीने खाल्लं, नाक पुसत. खाता खाता त्यांनी मला आपलं सगळं आयुष्य सांगितलं, सरळ, जसं मी सांगतेय तसं. ते खरोखरच एका गावात हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत कारकून होते. वस्तूंना बांधायच्या चिठ्ठ्यांच्या मागे विनोद लिहून रेडिओला पाठवायचे. रेडिओवरून टीव्हीवर गेले. त्यांनी लिहिलेला कारकून करायला एकही नट तयार होईना, म्हणून स्वतःच उभे राहिले. पहिल्याच दिवशी, समोर प्रेक्षक बसलेले असताना, ते वाक्य विसरले. उभेच राहिले. प्रेक्षक हसले, थांबेचनात. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी ते गप्प राहणं लिहूनच टाकलं. त्यावर सात वर्षं मालिका चालली, रस्त्यात लोक अडवून म्हणायचे, एकदा गप्प राहून दाखवा ना. मग तरुण मंडळी आली, त्यांचे विनोद भराभर चालायचे, त्यात गप्प बसायला जागा नव्हती. मालिका बंद झाली, घरचा फोन वाजेनासा झाला आणि हॉटेलं सुरू झाली.

"विसरण्यावर सुरू झालं," म्हणाले, "आणि आता खरंच विसरतो. कंपनीत कोणाला माहीत नाही. त्यांना वाटतं मी थांबतो. तुला कसं कळलं?"

मी बूट दाखवला. ते खाली वाकून आपल्याच बुटाकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

मग आमचं ठरलं. बूट दिव्याच्या उजेडात नीट दिसला नाही तर काय, म्हणून एक शब्द हवा होता, त्यांनी अडल्यावर सहज पुटपुटायचा, लोकांना न कळणारा. "तुझ्या वडिलांना उत्तर माहीत नसलं की ते काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघू." अर्थ विचारला. मी सांगितलं, तुमचंच वाक्य, आय शॅल लूक इनटू इट. "एवढं सगळं एका शब्दात?" त्यांनी लगेच वही काढली. "बागू," म्हणाले. बाबा कोटाच्या अस्तराला टाके घालत होते. त्यांच्या तोंडावर दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

गेल्या वर्षी विल्बी शंभरीच्या उंबरठ्यावर वारल्याचं मी फोनवर वाचलं. चार ओळी होत्या. विरामांचा बादशहा, असं काहीसं लिहिलं होतं. त्यांचे सगळेच विराम विराम नव्हते, हे त्या लिहिणाऱ्याला माहीत नसावं, आणि ते बरंच झालं.

शुक्रवारी सकाळी आईने नारळाचं दूध घालून किंगफिशचं कालवण केलं, पण बाबा नुसता चहा पिऊन निघाले. हमीदाखाला दारात उभ्या होत्या. "जा गो, भिऊ नको. गोऱ्याला बोलतं कर." हॉटेलचा जेवणाचा हॉल भरला होता. समोरच्या टेबलावर मॅनेजर, त्यांच्या शेजारी मालकांकडचे दोन ओमानी पाहुणे, पांढऱ्या पायघोळ दिशदाश्यांतले. बाबा समोरच्या विंगेत बदलायचा कोट हातावर घेऊन उभे होते. पहिला अंक नीट गेला. सुऱ्याकाट्यांचा आवाज, हसं, पुन्हा सुऱ्याकाटे. मी बूट बघत होते.

दुसऱ्या अंकात पाच फुल्यांची जागा होती. चुकीची बॅग उघडून कारकून आत बघतो आणि गप्प होतो. बूट हलला. एक, दोन, तीन. मग थांबला. लोक हसत होते. मी 'बागू'ची वाट बघितली. चार, पाच, सहा. हसं ओसरलं. सात. मी वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते बॅगेत बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. वाक्य गेलं होतं, आणि खुणेचा शब्दही गेला होता. मी दोन शब्द दिले. त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा दिले. समोरच्या विंगेत बाबांनी कोट छातीशी धरला होता. मग माझं डोकं चाललं नाही आणि मी मंडळाच्या सवयीने पूर्ण वाक्य दिलं, तिसऱ्या रांगेपर्यंत जाईल असं.

पहिल्या टेबलावर मॅनेजरांनी काटा खाली ठेवला. ते मला दिसलं. सगळा हॉल गप्प झाला. विल्बी हळूहळू विंगेकडे वळले, माझ्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "बागू."

मागे उभ्या असलेल्या वेटरांत आमच्याकडचे सहा-सात जण होते. त्यातला एक फस्सकन हसला, मग सगळेच. त्यांचं बघून लोक हसले. विल्बी विंगेपर्यंत चालत आले, पडदा बाजूला केला आणि प्रेक्षकांना ऐकू जाईल असं मला विचारलं, "आणि यानंतर मी काय म्हणतो, मिस?" मी पुढचं वाक्य दिलं. त्यांनी ते तसंच म्हटलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पुढचं दिलं. तिथून पडदा पडेपर्यंत मी एकेक ओळ आधी म्हटली आणि त्यांनी उचलली, अगदी आमच्या मंडळातल्यासारखं. लोकांना वाटलं, नाटकच तसं लिहिलंय. टाळ्या झाल्या. कोणाला काय वाटलं ते मला कळत होतं, फक्त मॅनेजरांना काय वाटलं ते कळत नव्हतं. ते पाहुण्यांना पोचवून तळघरात आले आणि बाबांना एवढंच म्हणाले, "टुमॉरो. नाइन. माय ऑफिस." आणि गेले.

विल्बी बूट काढून खुर्चीत बसले होते. सकाळी लवकर त्यांचं विमान होतं. "मी बोललो असतो तुमच्या मॅनेजरांशी," म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुझे वडील साहेबासमोर गप्प होतात, तेव्हा ते थांबलेले असतात की विसरलेले?" त्यांनी मला ती लाल पेन्सिल दिली. आभार मानले नाहीत. मीही नाही.

घरी आल्यावर सकाळचं कालवण तसंच होतं. बाबा मशीनवर बसले. मी वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत तीन इंग्रजी वाक्यं लिहिली. सर, या हॉटेलात मी अकरा वर्षं काम केलं. माझ्या हातचं एकही बटण आजवर तुटलेलं नाही. मला करार वाढवून हवा आहे. दुसऱ्या वाक्याआधी दोन लाल फुल्या घातल्या. "हे कशाला?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "तिथे थांबायचं. साहेबांना वाट बघू द्यायची." आई म्हणाली, "शैले, ते काय नाटक करायला चाललेत?" पण तिनेच त्यांच्याकडून ती वाक्यं पोळ्या लाटता लाटता सात-आठ वेळा म्हणवून घेतली, स्वतःला एक शब्द कळत नसताना. चुकले की तिला आवाजावरूनच कळायचं.

सकाळी मी गणवेश घातला, दप्तर घेतलं आणि शाळेच्या बसऐवजी बाबांबरोबर हॉटेलच्या बसमध्ये चढले. त्यांनी माझं दप्तर आपल्या मांडीवर घेतलं. नऊ वाजता ते मॅनेजरांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि मी उघड्या दाराच्या आड, बाबांच्या मागे दोन पावलांवर. मॅनेजर म्हणाले, "येस?" बाबांनी पहिलं वाक्य म्हटलं, नीट. मग ते थांबले. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मशीन नसलं तरी काळजीत त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलतो, घरी, बसमध्ये, सगळीकडे. तो हलत होता. एक, दोन. मग थांबला. मी आणखी एक आकडा मोजला, खात्रीसाठी, आणि दोन शब्द दिले, बाबांपुरते. "नॉट वन."

"नॉट वन बटन, सर," बाबा म्हणाले, आणि पुढचं सगळं म्हणाले, न अडता.

मॅनेजरांनी मान खाली घालून आपल्या कोटाची बटणं बघितली, वरपासून खालपर्यंत. मग माझ्या बाजूला पाहिलं. मी लपायचा प्रयत्न केला नाही. "आय शॅल लूक इनटू इट," ते म्हणाले. मी टेबलाखाली त्यांचा बूट बघितला. तो हलत होता. मी गप्प उभी राहिले. मग त्यांनी कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

सही होताना बघायला मी थांबले नाही. मधल्या सुट्टीनंतरचा तास गणिताचा होता, आणि तो मला चुकवायचा नव्हता.